पुण्याच्या टापकीर गल्लीतला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बिनब्रँडचा अडॅप्टर झूम जी१एक्स फोर या गिटारच्या इफेक्ट पेडलला चालतो का?

चालतो. फक्त दुकानात टांगलेला तसाच उचलून आणू नका. त्याच्या पिनचे प्लस-मायनस उलटे करून घ्यावे लागतात आणि ते काम दुकानदार तिथल्या तिथे करून देतो. त्यामुळे हा रिव्ह्यू अडॅप्टरचा जेवढा आहे तेवढाच त्या दुकानाचाही आहे.

पेडलसोबतचा अडॅप्टर मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर कुणाच्या तरी पायाखाली आला आणि वायर मुळातूनच गेली. झूमचा तो एडी-१६. त्याच्यावर लिहिलेलं असतं ९ व्होल्ट, डीसी, ५०० मिलीअँपिअर आणि शेजारी गोलाचं एक छोटं चित्र, ज्यात मधल्या ठिपक्याला मायनसची रेघ जोडलेली असते. पर्यायी अडॅप्टर घेताना पहिल्या तीन गोष्टी सगळेच बघतात. चित्राकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही आणि घोळ तिथेच होतो.

गल्लीत मिळणारा माल मुख्यतः राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि सीसीटीव्हीचा. त्यांची पिन दिसायला अगदी तीच, बाहेरून ५.५ मिमी, आतून २.१, पेडलमध्ये टचकन बसते. पण त्यांच्यात मधे प्लस असतो. गिटारच्या पेडलचा हा उलटा कारभार बॅटरीच्या जमान्यापासूनचा आहे. सॉकेटमधला स्विच पिनच्या बाहेरच्या कड्यावर चालतो. पिन घातली की बॅटरीचा प्लस तुटावा म्हणून प्लस बाहेर ठेवला आणि मायनस मधे गेला. पुढे सगळ्यांनी तीच रीत उचलली.

पहिल्या दुकानात मला १२ व्होल्टचा राउटरवाला पुढे केला. "बसतोय ना दादा? मग चालणार." नमस्कार करून निघालो. दुसरं दुकान म्हणजे जेमतेम एक काउंटर, पाटीवरची अक्षरं उडालेली. आतल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "गिटारचं की कॅमेऱ्याचं?" तिथेच माझं काम झालं. त्यांनी ९ व्होल्ट १ अँपिअरचा स्विचिंग अडॅप्टर (हल्लीचा हलका, इलेक्ट्रॉनिक सर्किटवाला) काढला, पिनपासून चार बोटांवर वायर कापली, दोन्ही तारा अदलाबदल करून सोल्डरिंगचा डाग दिला आणि वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. मग मीटरची लाल पिन मधे, काळी बाहेर. आकडा आला उणे ९.१. तो उणे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लाल मधे असताना आकड्याआधी उणे आलं तरच मधे मायनस आहे.

अँपिअरची भीती नको. ५०० मिलीअँपिअर मागणाऱ्या पेडलला १ अँपिअरचा लावला तरी ते स्वतःला हवं तेवढंच ओढतं. उलट ३०० चा लावलात तर डिजिटल पेडल मधेच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतं, आणि तेही नेमकं सोलोच्या वेळी. व्होल्टेजला मात्र ही सूट नाही. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असलं, तरी लोड नसताना मीटर सहज १२-१३ दाखवतो. काका म्हणाले, "तो रेडिओला ठीक, तुम्हाला नको."

आता आवाज. क्लीन टोनवर काही फरक नाही. भरपूर गेन असलेल्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पॅचवर (पेडलमध्ये साठवलेल्या सेटिंगवर) गिटारच्या तारा दाबून धरल्या की मागे बारीक शिट्टी येते, स्विचिंगवाल्या स्वस्त अडॅप्टरची असते तशी. नॉइज गेट, म्हणजे वाजवत नसताना खरखर बंद करणारा इफेक्ट, लावला की जाते. ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मधे ती कुणाच्या बापाला ऐकू येत नाही, पण घरी रेकॉर्डिंग करताना मला खुपते. तेव्हा मी चार एए सेल टाकतो. त्याच अडॅप्टरवरून चेन (एकाच अडॅप्टरवर अनेक पेडल जोडणारी वायर) काढून शेजारचं डिस्टॉर्शन पेडलही चालवून पाहिलं. शिट्टी वाढली. डिजिटल पेडलला स्वतंत्र अडॅप्टरच द्यावा.

साडेतीनशे रुपयांत सोल्डरिंग धरून हे मिळालं. वायर आखूड आहे, स्टेजवर एक्स्टेंशन बोर्ड पायाशी घ्यावा लागतो. सांधा आतापर्यंत टिकलाय, तरी मी वायरचा एक वेढा पेडलबोर्डला टाय मारून ठेवतो, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही.

मित्राच्या जुन्या हिरव्या लाइन ६ डीएल४ या डिले (प्रतिध्वनीच्या) पेडलसाठीही तिथेच विचारलं. त्याला ९ व्होल्टच लागतात, पण डीसी नव्हे, एसी. काकांनी पेडलच्या मागचा फोटो मोठा करून वाचला आणि टांगलेल्यांपैकी एकालाही हात लावला नाही. "यातला एकही नाही चालणार. ट्रान्सफॉर्मर बांधून देतो, चार दिवसांनी या." पेडल तपासायचं असेल तर सोबत घेऊन जा, दुकानात प्लगपॉइंट आहे. यूपीआय चालतं. बिल मागितलं तर वहीचं पान मिळतं.