सिग साउअर पी३६५ : अकरा महिने अंगावर वागवल्यानंतर

ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमचं छोटं औषधांचं दुकान आहे. रात्री नऊला दिवे मालवायचे, अलार्म लावायचा आणि मागच्या दाराने गाडीपर्यंत चालत जायचं. जेमतेम साठ पावलं. दीड वर्षापूर्वी आमच्यापासून दोन चौक पलीकडच्या एका औषध दुकानात दोघं जण शिरले आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या उचलून घेऊन गेले. कुणाला इजा झाली नाही. पण त्या आठवड्यापासून ती साठ पावलं मला लांब वाटायला लागली. नवऱ्याशी बोलून, चार महिने डोक्यात घोळवून मग पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

आता या पिस्तुलाला, म्हणजे सिग साउअर पी३६५ ला, अकरा महिने झाले. आठवड्यातले सहा दिवस, दिवसाचे दहा तास ते माझ्या अंगावर असतं. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, साधारण चौदाशे गोळ्या झाडून झाल्यात. घेताना मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते इथे लिहिते आहे.

आधी व्हिसाचं बोलते, कारण आपल्या लोकांत याबद्दल भलते गैरसमज आहेत. तुम्ही एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगणं हा तुमच्यासाठी गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. टेक्सासमध्ये सगळं चालतं, या भरवशावर राहू नका. राज्याचा कायदा इथे कामाला येत नाही. मित्राबरोबर मजा म्हणून रेंजवर जाऊन पिस्तूल हातात धरणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्ड मिळालं की ही अडचण राहत नाही. मी नागरिक झाल्यावरच या वाटेला गेले.

दुसरं, १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी मी परवाना काढला आणि तुम्हीही काढा असंच सांगेन. माझ्या दुकानाच्या वाटेवर दोन शाळा लागतात. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. वर्ग चार ते सहा तासांचा, परवान्याची फी ४० डॉलर. परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या झाडायच्या, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. मला २३१ मिळाले. पण ते या पिस्तुलाने. त्याआधी मी एक मोठी चूक करून बसले होते.

दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मला नीट पाहिलंही नाही. "बाईमाणसासाठी" म्हणून त्याने एक छोटं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, .३८ स्पेशलच्या पाच गोळ्या, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर खेळण्यासारखं हलकं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढायची भानगड नाही, अडकायची भीती नाही, पर्समध्ये मावतं. मला पटलं, मी घेतलं. पहिल्याच दिवशी रेंजवर कळलं की हलकं असणं हाच त्याचा जाच आहे. गोळीचा सगळा धक्का अंगठ्याच्या बेचक्यात येऊन बसतो. पंचवीस गोळ्यांनंतर तिथली कातडी लाल झाली आणि पुढची प्रत्येक गोळी झाडण्याआधीच माझा हात दचकायला लागला. त्यातच चाप इतका जड की तो ओढेस्तोवर नळी डावीकडे जायची. सात यार्डांवर, म्हणजे आमच्या दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतच्या अंतरावर, पाचातल्या दोन गोळ्या कागदावरच लागायच्या नाहीत. सराव करायला हवा हे कळत होतं, पण हात दुखतो म्हणून मी रेंजवर जाणंच टाळायला लागले. दोन महिन्यांनी विकून टाकलं. अशी रिव्हॉल्व्हरं उत्तम चालवणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती वर्षानुवर्षं हात बसलेली माणसं आहेत. पहिलं हत्यार म्हणून ते कुणाच्याही हातात देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. आधी एक शिक्षिका शोधली, आणि तिच्याबरोबर रेंजवरची भाड्याची पिस्तुलं तीन रविवार चालवून पाहिली. ग्लॉक १९ ने माझा नेम सगळ्यांत सुंदर लागला. पंधरा गोळ्या, भरदार मूठ, धक्का जाणवतच नाही. पण माझी उंची पाच फूट एक इंच; ते कमरेला लावून मी स्टुलावर बसले की मूठ बरगडीला टोचायची आणि कपड्यावरून उठून दिसायची. स्मिथ अँड वेसनचं .३८० शील्ड ईझेड सुद्धा मनापासून आवडलं. त्याची स्लाइड अगदी सहज मागे येते. संधिवात असलेल्या किंवा बोटांत जोर नसलेल्या कुणी विचारलं तर मी तेच आधी हातात घेऊन बघायला सांगते. माझ्या बोटांना तशी अडचण नव्हती, आणि मला ९ मिलिमीटर गोळीचंच हवं होतं, कारण त्याच्या सरावाच्या गोळ्या .३८० पेक्षा स्वस्त पडतात. सराव परवडला नाही तर तो होत नाही.

तिसऱ्या रविवारी पी३६५ हातात आलं. हे पिस्तूल २०१८ साली बाजारात आलं. त्याआधी एवढ्या लहान पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावायच्या. यात मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, दहा मावतात, कारण आत त्या किंचित दोन रांगांत रचल्या जातात. नळी ३.१ इंचांची, रिकामं वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास, भरल्यावर साडेसहाशे. नेम धरायच्या पुढच्या खुणेवर हिरवा ठिपका आहे, तो अंधारातही दिसतो. रात्री नऊला दुकान बंद करणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते. करंगळी टेकायला जागा असलेल्या मॅगझिनने माझी पकड पूर्ण बसते. सपाट तळाचं मॅगझिन लावलं तर करंगळी लोंबकळत राहते आणि गोळ्या खाली लागतात. लपवायला सपाट बरं, पण मी ते घरीच ठेवते.

स्लाइड ओढणं मला आधी जमतच नव्हतं. मी हात लांब ठेवून, दोन बोटांच्या चिमटीत पकडून मागे खेचायचे. शिक्षिकेने पिस्तूल छातीजवळ घ्यायला लावलं. नळी समोर निशाण्याकडे, बोट चापापासून लांब, डावा पंजा वरून अख्ख्या स्लाइडवर, बोटांची पेरं खाचांत रुतलेली. मग डाव्या हाताने मागे ओढता ओढताच उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. जात्याचा खुंटा दोघींनी मिळून फिरवावा तसा जोर दोन्हीकडून लागतो. पहिल्यांदा ती स्लाइड झटक्यात मागे गेली तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं.

मी वेगळ्या सेफ्टीच्या खटक्याचं मॉडेल घेतलं. शिक्षिकेचं मत उलट होतं : घाईत खटका दाबायचा राहिला तर? तिचं म्हणणं खोटं नाही. पण घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि मला तो जास्तीचा अडसर हवा होता. म्हणून रोज रात्री पिस्तूल रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, दहा मिनिटं कोरडा सराव करते. काढायचं, अंगठ्याने खटका खाली, नेम, चाप. आता अंगठा आपोआप जातो. रोज दहा मिनिटं द्यायची तयारी नसेल तर खटक्याचं मॉडेल घेऊ नका.

आता होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. मला वाटतं, लोक पिस्तुलावर महिनोन्महिने खल करतात आणि होल्स्टर उरलेल्या पैशांत घेतात. मीही तेच केलं. मी दिवसभर स्क्रब्ज, म्हणजे दवाखान्यात घालतात तसे सैल सुती कपडे, घालते. त्याला नाडी असते, पट्टा नसतो. म्हणून आधी पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मागवला, त्याला कापडी खिसा. तिसऱ्या दिवशी घरी रिकाम्या पिस्तुलाने करून पाहिलं, तर खिशावरून बोट दाबलं की चाप सरळ हाताला लागत होता. मी तो पट्टा त्याच दिवशी कचऱ्यात टाकला. चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, होल्स्टर असल्याशिवाय भरलेलं पिस्तूल अंगावर चढवूच नये. त्यात तडजोड करायची नाही.

सध्या फिल्स्टरचं एनिग्मा वापरते. ही एक पातळ चौकट असते. तिचा स्वतःचा पट्टा थेट कमरेवर बसतो आणि कायडेक्सचं होल्स्टर तिला जोडता येतं. पँटला पट्टा असो नसो, फरक पडत नाही. स्क्रब्जखाली बसतं, लेगिंग आणि कुर्त्याखाली तर फारच छान बसतं. बसवायला मात्र दोन आठवडे गेले. मूठ पोटाकडे दाबली जावी म्हणून खाली फोमची छोटी उशी लावली, तेव्हा कुठे कपड्यावरून उठणं थांबलं. साडीवर मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. निऱ्यांत हात घालून काही काढणं सुरक्षित नाही.

रोजच्या वावरण्यात काही गोष्टी बदलतात. खालच्या फडताळातला डबा काढायला कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. गाडीत सीट एक खाच मागे घ्यायची. बाहेर स्वच्छतागृहात गेलं की पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. अख्खी चौकट अंगावर असते, ती तशीच राहू द्यायची. कुठेतरी टेकवून विसरण्याच्या बातम्या वाचल्यात आपण. आणि पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना घाई कधीच करायची नाही. सदऱ्याचं टोक किंवा नाडी आत अडकून चाप दाबला जातो, अपघात होतात ते इथेच. मी कापड छातीपर्यंत वर धरते, खाली बघते, नळी शरीरापासून बाहेर झुकवते आणि मगच हळूहळू ठेवते.

गोळ्यांबद्दल थोडंसं. सरावाला ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या, अंगावर बाळगायला १२४ ग्रेनच्या पोकळ टोकाच्या. पोकळ टोकाची गोळी आत फुलते, त्यामुळे आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी असतो. माझ्या दुकानात मागे औषधांची वाट बघणारे म्हातारे-कोतारे बसलेले असतात, मला तो विचार आधी येतो. बाळगायच्या गोळ्यांचे चार डबे मी रेंजवर झाडून बघितले, मगच भरवसा ठेवला. चौदाशेंत दोनदा स्लाइड अडकली. दोन्ही वेळा पहिल्याच आठवड्यात, माझी मनगटं ढिली असताना. एक गोष्ट उशिरा कळली : रोज तीच गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून ती झाडली जाते तिथे) घालत-काढत राहिलं की तिचं टोक पितळी नळकांड्यात आत सरकत जातं आणि दाब वाढू शकतो. आता मी ती गोळी शेजारी नवीन गोळी उभी करून ताडून बघते. उंचीत फरक दिसला की बाजूला.

ह्यूस्टनचा घाम आणि स्क्रब्जचा कापूस यांनी तीन आठवड्यांत नळीच्या तोंडाशी आणि नेम धरायच्या खाचेत पांढरट तुसं जमतात. दर रविवारी पुसते, तेलाचे दोन-तीन थेंब. गंज आलेला नाही.

पाट्या वाचायची सवय लावून घ्या. ३०.०६ ची (हा राज्याच्या कायद्यातल्या कलमाचा आकडा) पाटी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांत असते. ती दिसली की परवाना असूनही लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही. लाल रंगात ५१% लिहिलं असेल तर तो मुख्यतः दारूवर चालणारा धंदा, तिथेही नाही. शाळेच्या इमारतीत तर नाहीच. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो, त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत. गाडीत ठेवून जाण्यापेक्षा हे बरं, गाड्या फोडून पिस्तुलं चोरीला जातात.

घरी आल्याबरोबर ते पलंगाशेजारच्या छोट्या तिजोरीत जातं. ती भिंतीला बोल्टने जखडली आहे. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण मला कायद्याची गरज नाही. चौदाव्या वर्षी मुलांच्या मनात काय चाललंय ते आईलाही कधी कधी कळत नाही. तिजोरीचा आकडा मला आणि नवऱ्यालाच माहीत आहे. मुलाला पिस्तूल दाखवलं, रिकामं कसं करतात ते शिकवलं, शिक्षिकेकडेही नेलं. तरी आकडा नाही.

सातव्या महिन्यात एकदा प्रसंग आला. मागच्या दाराने बाहेर पडले तर माझ्या गाडीला टेकून एक माणूस उभा, हुड डोक्यावर, हात खिशात. "मॅम, जरा ऐका," म्हणत तो पुढे आला. माझा हात कुर्त्याच्या काठापर्यंत गेला. तिथून पुढे गेला नाही. दार अजून माझ्या पाठीशी होतं. मी मागे सरले, आत शिरले, कडी लावली आणि ९११ ला फोन केला. पोलीस आले तोवर तो निघून गेला होता. त्याला काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. शिक्षिकेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगदी बरोबर केलंस," आणि पुढचा अख्खा तास तिने मला फक्त मागे सरकण्याचा सराव करायला लावला. दुकानातल्या माणसांनाही मी स्पष्ट सांगून ठेवलंय : कुणी बाटल्या मागितल्या तर द्यायच्या, गल्ला मागितला तर द्यायचा. मालासाठी हे पिस्तूल बाहेर निघणार नाही.

डिसेंबरमध्ये साताऱ्याला जायचं आहे. तिकडे काकांकडे .३२ चं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे. त्यांना ९ मिलिमीटरचं सांगितलं तर विश्वास बसणार नाही, तिकडे तो सामान्य माणसाला निषिद्ध बोअर (नळीच्या आतला व्यास) आहे. मुंबई विमानतळावर बॅगेत एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवली आहे, ती प्रवासाला कधीच वापरत नाही. तरीही काल रात्री प्रवासाच्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकले, अस्तराच्या शिवणीतून बोट फिरवलं. आत फक्त गेल्या खेपेची बडीशेप निघाली.