पावडर कोटिंग की स्टील? कॉन्युअरसाठी पिंजरा निवडताना

कॉन्युअर (परदेशी जातीचा लहान पोपट) आणायचं नक्की झालं, पिंजऱ्याचा आकारही ठरला, पण धातू कुठला घ्यावा यावर अडलं असेल, तर माझा अनुभव कामी येईल. जीआय जाळी, पावडर कोटिंग आणि स्टेनलेस स्टील, मी तिन्ही प्रकार वापरले आहेत. (हे परदेशी जातींपुरतं. आपला हिरवा राघू पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या) जाळीचा विषय लवकर संपतो. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त पक्ष्याच्या पोटात गेलं की विषबाधा होते. नवी जाळी जास्त घातक, कारण जोडांवर जस्ताचे थेंब आणि टोकं तशीच राहिलेली असतात. व्हिनेगरने घासून धुतलं की धोका कमी होतो, जात नाही. पूर्वी माझ्याकडे दोन बजीज (आपल्याकडे सरसकट ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते) चार वर्षं अशाच जाळीत होते आणि त्यांना काही झालं नाही. पण कॉन्युअर चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतो. चढताना दर पावलाला तार चोचीत धरतो. त्याला या जाळीत ठेवायला माझं मन धजत नाही.

उरले दोन. पावडर कोटिंगचा (धातूवर पावडरचा रंग भाजून बसवलेला) पिंजरा दिसायला छान, वजनाला बेताचा, दुकानात तयार मिळणारा. माझी सन कॉन्युअर, केशर, दोन वर्षं अशाच पिंजऱ्यात होती आणि पहिलं वर्ष माझी काहीही तक्रार नव्हती. संध्याकाळी मी यायच्या वेळेला ती दाराजवळच्या आडव्या तारेवर बसायची आणि वाट बघताना तीच तार कुरतडायची. एके दिवशी ट्रेमधल्या कागदावर खसखशीएवढे पांढरे कण दिसले. आधी वाटलं, बियांची टरफलं असतील. बोटावर घेऊन पाहिलं तर तो रंग होता.

तिथून माझी रोजची कटकट सुरू झाली. रात्री टॉर्च घेऊन तार तपासायची, कण वेचायचे, कालच्यापेक्षा उघडा भाग वाढला का ते बघायचं. तिथे लाकडी खेळणं बांधलं, तर ती दोन इंच पलीकडे सरकली. रंगापेक्षा मला त्याच्या खालच्या धातूची काळजी होती. साधं लोखंड असेल तर एक वेळ ठीक, पण खाली जस्त असेल तर? दुकानदाराला विचारलं, त्यालाही सांगता येईना. एकदा तिची विष्ठा पातळ झाली, ती पिसं फुलवून गप्प बसली आणि मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पळालो. एक्स-रेमध्ये धातू दिसला नाही, दोन दिवसांत ती खडखडीत बरी झाली. म्हणजे पिंजऱ्याने तिला काही केलं असं मी म्हणू शकत नाही. पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

स्टीलचा पिंजरा मी फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला. आधीच्याच्या जवळजवळ तिप्पट खर्च आला. जड इतका की खाली चाकं लावावी लागली, आणि केशरने वाटी आपटली की आवाज अख्ख्या घरात घुमतो. शिवाय पहिल्या खेपेला एका बाजूच्या तारांमधलं अंतर सव्वा इंच झालं होतं. कॉन्युअरला अर्धा ते पाऊण इंचच हवं, नाहीतर डोकं अडकतं. ती बाजू पुन्हा करून घेतली. ही सगळी दगदग मान्य करूनही सांगतो, टॉर्च मी त्यानंतर हातात घेतलेला नाही. कुरतडलं तरी सुटून येण्यासारखं वर काही नाहीच.

बनवून घेणार असाल तर ३०४ ग्रेडच मागा. २०२ ग्रेडही स्टेनलेस म्हणूनच विकतात, पण त्याला गंज लवकर धरतो. लोहचुंबकाने या दोहोंतला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या. वेल्डिंग आर्गनचं आणि जोडांना बफिंग (घासून गुळगुळीत करणं) सांगा. दार वर सरकणारं नको. कॉन्युअर ते उचलायला शिकतो आणि मानेवर पडलं तर जीव जाऊ शकतो. बाजूला उघडणारं, कडीचं दार घ्या.

कॉकटील (तुऱ्याचा लहान पोपट) आणणार असाल, किंवा भाड्याच्या घरात दर वर्षी सामान हलवावं लागत असेल, तर पावडर कोटिंग चालून जाईल असं मला वाटतं. कॉकटील सहसा इतका कुरतडत नाही. फक्त दाराभोवतीच्या तारांवर दर आठवड्याला बोट फिरवा.

आणि धातू कुठलाही असो, पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत जातो. मच्छर अगरबत्तीही त्या खोलीत नको.

शेवटचं, हूक. खेळणी टांगायला हार्डवेअरच्या दुकानातून आणतो त्या कड्या बहुतेक वेळा जस्ताच्या मुलाम्याच्या असतात. एवढा खर्च करून मीही केशरची घंटा तशाच कडीला टांगली होती. आठवड्याने लक्षात आलं, तेव्हा स्टीलची आणून बदलली.