ई-सिगारेटमध्ये पाच तऱ्हेच्या बॅटऱ्या घालून पाहिल्या: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सेल चार्जरमधून काढून पाच मिनिटंही झाली नव्हती. चार्जरचा हिरवा दिवा मी स्वतः पाहिला होता. तरी ई-सिगारेटच्या पडद्यावर बॅटरीचं चिन्ह जेमतेम एका रेघेवर होतं आणि दुसऱ्याच झुरक्याला यंत्र बंद पडलं. बॅटरी संपली, असा संदेश. सेल बाहेर काढला, मल्टिमीटर लावला. ३.३८ व्होल्ट. सेल पूर्ण भरलेला होता आणि यंत्राच्या लेखी तो रिकामा होता. हे कोडं सुटलं तेव्हा बॅटऱ्यांबद्दल मी आधी ठरवून बसलेलं बरंचसं चूक निघालं.

वीस वर्षांची सिगारेट सुटावी म्हणून मी हे यंत्र घेतलं. निकोटीन यातही असतं आणि त्याची सवय यातही लागते, त्यामुळे जो ओढत नाही त्याने हे हातातही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र साधंच आहे. आत एक १८६५० सेल बसतो, वॅट आपण ठरवायचे, आणि किती झुरके झाले तेही ते मोजतं. मी ४० वॅटवर वापरतो, झुरका साधारण चार सेकंदांचा. यंत्राबरोबर आलेला सेल दुपारीच मान टाकायचा, म्हणून दुसऱ्या प्रकारचे सेल घालून बघायचं ठरवलं. धाकटा भाऊ बॅटरी पॅक दुरुस्त करतो. त्याच्याकडून सेलही मिळाले आणि अक्कलही.

नावांचा गोंधळ आधी सोडवतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल नळीच्या आकाराचं. हे झालं फक्त माप. आत काय भरलंय ते अक्षरं सांगतात: आयसीआर म्हणजे कोबाल्ट, आयएमआर म्हणजे मँगनीज, आयएनआर म्हणजे निकेलचं मिश्रण, आयएफआर म्हणजे लोह-फॉस्फेट. एकाच मापाची, एकाच रंगाच्या आवरणातली ही चार वेगवेगळी रसायनं आहेत. एका जागी बसतात म्हणून एकमेकांच्या जागी चालतात असं नाही. मला हे कळायला दोन महिने लागले.

पहिला प्रयोग लोह-फॉस्फेटचा केला, तो सुरक्षिततेसाठी. कोबाल्टचा सेल अती तापला की आतला ऑक्सिजन सुटू लागतो आणि आग स्वतःलाच खतपाणी घालते. लोह-फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तो सहजासहजी भडकत नाही. (कोबाल्टच्या बॅटरी-रसायनाचा शोध १९८० सालचा, लोह-फॉस्फेटचा १९९७ सालचा, आणि दोन्हींच्या मागे जॉन गुडइनफ हे एकच शास्त्रज्ञ. त्यांना २०१९ साली ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. खिशातल्या एवढ्याशा नळीमागे एका माणसाचं केवढं आयुष्य उभं आहे, हे वाचल्यापासून मी सेल जपून हाताळतो.) तोंडाजवळ धरायच्या वस्तूत सर्वांत शांत रसायन असावं, एवढाच माझा हिशोब होता.

हिशोब चुकला तो व्होल्टेजमध्ये. नेहमीचा लिथियम सेल भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि बराच काळ ३.६ च्या आसपास चालतो. लोह-फॉस्फेट भरतोच मुळी ३.६५ ला. चार्जरमधून काढला की थोड्या वेळात ३.४ च्या खाली येऊन स्थिरावतो आणि मग सगळं काम ३.२ च्या आसपास करतो. माझं यंत्र ३.२ ला सेल रिकामा समजून बंद होतं. म्हणजे या सेलचं काम जिथे सुरू होतं तिथेच यंत्राचा दिवस मावळतो. वॅट २० वर आणून पाहिले तेव्हा कसेबसे अकरा झुरके मिळाले. शिवाय माझ्या या सेलची क्षमता ११०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), म्हणजे यंत्राने समजून घेतलं असतं तरी दिवस निघाला नसताच.

याच सेलवरून भाऊ माझ्यावर एकदाच, पण खरोखर चिडला. मी तो नेहमीच्या चार्जरमध्ये सरकवत होतो. त्याने माझं मनगटच धरलं. "दादा, हा चार्जर ४.२ पर्यंत रेटतो. हा सेल ३.६५ चा आहे. शांत रसायन आहे म्हणून काहीही सोसेल असं नाही." चार्जरला लोह-फॉस्फेटसाठी वेगळं बटण होतं आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. ज्यांच्या चार्जरला अशी सोय नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. सोडियमचे १८६५० सेल आता दिसू लागलेत, त्यांचंही सरासरी व्होल्टेज ३ च्या आसपासच असतं. म्हणून त्यांच्या मागे मी लागलोच नाही.

दुसरा प्रयोग ३४०० एमएएचच्या सेलचा. हा लॅपटॉपच्या पॅकमध्ये वापरतात त्या जातीचा, नवा कोरा, अस्सल. आकडा मोठा म्हणून दिवसभर पुरेल असं वाटलं. प्रत्यक्षात ९० ते १०० झुरक्यांत यंत्र बंद व्हायचं आणि सेल बाहेर काढला की तळहाताला चटका बसेल इतका तापलेला असायचा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं तर ३.५ व्होल्टच्या वर! पाणी टाकीत आहे, पण नळ बारीक आहे, अशी ती गत.

इथे थोडं गणित करावंच लागतं, आणि प्रत्येकाने ते आपापल्या यंत्रासाठी करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. वॅट ठरवता येणाऱ्या यंत्रात सेलवरचा भार कॉइलच्या (द्रव तापवणाऱ्या तारेच्या) ओहमवर अवलंबून नसतो, वॅटवर असतो. ४० वॅट भागिले ३.२ व्होल्ट, आणि यंत्रात वाया जाणारे दहा टक्के धरले तर जवळजवळ १४ अँपिअर. सेल भरलेला असताना हाच आकडा साडेदहाच्या आसपास असतो. म्हणजे सेल जसजसा रिकामा होतो तसतसं यंत्र त्याच्याकडून जास्त ओढतं. थकलेल्या बैलावर ओझं वाढवण्यासारखंच. ३४०० च्या या जातीची सततची मर्यादा ५ ते ७ अँपिअरच्या घरात असते. मी त्याच्या दुप्पट ओढत होतो. माझ्या चार्जरवर त्याचा आतला रोध ४५ मिलिओहम दिसायचा, तर चांगल्या जास्त प्रवाहाच्या सेलचा १८ ते २०. १४ अँपिअरला ४५ मिलिओहम म्हणजे सेलच्या पोटातच जवळजवळ ९ वॅट उष्णता. १८ मिलिओहमला हीच उष्णता साडेतीन वॅट होते. हाताला बसणाऱ्या चटक्याचा हा सरळ हिशोब होता. तीन आठवड्यांत तो सेल मी यंत्रातून कायमचा काढला. आता तो विजेरीत आहे आणि तिथे अप्रतिम चालतो. सेलमध्ये काही खोट नव्हती, काम चुकीचं दिलं होतं.

संरक्षण-सर्किट असलेल्या सेलबद्दल थोडक्यात सांगतो. तळाशी बारीक चकती बसवलेली असते, त्यामुळे लांबी ६९ मिलिमीटरच्या आसपास जाते. माझ्या यंत्राचं झाकण जोर लावून बसलं, आणि ४० वॅटला ती चकती दर दुसऱ्या झुरक्याला प्रवाह तोडायची. जोर लावून बसवलेलं झाकण मला मुळीच आवडलं नाही. दोन दिवसांत नाद सोडला.

आता फसवणुकीबद्दल, कारण राग मला याचाच सर्वांत जास्त आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ९९०० एमएएच लिहिलेले दोन सेल मागवले होते. या मापात इतकी क्षमता कोणीच बनवत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भावाने ते हातात घेतले आणि चार्जरला न लावता थेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. २९ ग्रॅम. शेजारी ३४०० चा अस्सल सेल ठेवला, ४७ ग्रॅम. तो एवढंच म्हणाला, "यात आहेच काय, ते सांग." क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर त्यातला एक ८७० एमएएचवर थांबला, दुसरा साडेसातशेवर. दोन्ही मी यंत्रात घातले नाहीत. ज्याने हे आकडे छापले त्याला ठाऊक असणार की हा सेल कोणाच्या तरी ओठांपासून वीतभर अंतरावर तापणार आहे. तरीही छापले. मला हे साधं खोटं वाटत नाही, तो अपराध वाटतो. जुने सेल काढून त्यांना नवं आवरण चढवून विकणारेही आहेत. त्यामुळे नाव ओळखीचं दिसलं तरी वजन आणि रोध तपासल्याशिवाय मी आता कुठलाच सेल वापरत नाही.

शेवटी स्थिरावलो ते आयएनआर जातीच्या, २६०० एमएएचच्या, निदान २५ अँपिअर सततची मर्यादा असलेल्या सेलवर. सोनीचा व्हीटीसी५ए हा त्यातला एक, मोलिसेलचा पी२६ए हा त्याच वर्गातला दुसरा. आधी सॅमसंगचा ३०क्यूसुद्धा वापरला. त्याची क्षमता ३००० एमएएच, मर्यादा १५ अँपिअर. झुरके मोजले तर २६०० चा सेल १६० ते १६५ देतो, ३००० चा १८५ च्या आसपास. वीस-पंचवीस झुरके जास्त मिळतात हे खरं. पण माझा भार १४ अँपिअरचा, आणि १५ च्या मर्यादेला खेटून दिवसभर चालायचं माझ्या मनाला पटलं नाही. २५ वॅटवर ओढणाऱ्याने ३००० चाच घ्यावा, त्याला तो उत्तम आहे. ४० च्या वर जाणाऱ्याने एमएएचकडे न बघता अँपिअरकडे बघावं. आणि सेलवर मोठ्या अक्षरांत छापलेले अँपिअर बहुधा काही क्षणांपुरते असतात, आपल्याला हवी असते ती सततची मर्यादा.

सहाव्या महिन्यात २१७०० मापाचं यंत्र घेतलं. सेल ४२०० एमएएचचा, मर्यादा ४५ अँपिअर. २७० झुरके, तेही सेल जेमतेम कोमट. खरं समाधान मिळालं ते इथे. सेलचं वजन ७० ग्रॅम आहे आणि यंत्र खिशात जाणवतं, एवढीच तक्रार. नव्याने घेणार असाल तर थेट याच मापाचं घ्या. मधली पोकळी भरणारी एक बाही घातली की यात १८६५० सुद्धा बसतो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो ती. चौथ्या महिन्यात एका सेलच्या वरच्या कडेला आवरण सोललेलं दिसलं, नखाएवढं. मी वापरत राहिलो. भावाने पाहिलं आणि भिंग हातात देऊन म्हणाला, नीट बघ. मधली टोपी धन, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाकीची सगळी नळी, वरच्या कडेपर्यंत, ऋण असते. दोघांच्या मध्ये फक्त एक बारीक रबरी कडं आणि कागदाची पांढरी चकती. आवरण तिथेच फाटलं की धातूचा एखादा तुकडा टेकला तरी थेट शॉर्ट सर्किट. मग किल्ल्या आणि सुटी नाणी असलेल्या खिशात मोकळा सेल ठेवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश घटनांत वस्तू खिशात होती, ओढणं चालूच नव्हतं. सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तर सांगतातच की हे सेल संरक्षण असलेल्या पॅकसाठी आहेत, सुटे ई-सिगारेटमध्ये वापरण्यासाठी नाहीत. तरी आपण ते वापरतो. मग एवढी काळजी तरी घेतलीच पाहिजे.

नवं आवरण घरी चढवता येतं. जुनं अलगद सोलायचं, पांढरी चकती जागेवर आहे ना ते बघायचं, नवं नळीसारखं आवरण घालून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दोन्ही टोकांवर फिरवायची. आवरण आक्रसत सेलला चिकटताना बघायला फार छान वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे. मात्र सेलला पोचा पडलेला असेल तर आवरण बदलून उपयोग नाही, तो सेल संपला.

आता माझ्याकडे २६०० चे दोन आणि ४२०० चे दोन सेल आहेत, चौघांसाठी प्लास्टिकच्या डब्या आहेत. चार्जिंग १ अँपिअरवर, मी जागा असताना, समोर. प्रवासात सुटे सेल डबीत, हातातल्या सामानात, कारण विमानात ते खाली टाकलेल्या बॅगेत चालत नाहीत. प्रत्येक सेलवर पहिल्या वापराची तारीख लिहिली आहे. २६०० पैकी जुना सेल गेल्या आठवड्यात मोजला, २२९० भरला. २१०० च्या खाली आला की दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याच्या पेटीत टाकायचा, असं भावाबरोबर ठरलं आहे. त्याच्या जागी येणारा सेल काट्यावर ठेवून झाला, ४६ ग्रॅम भरला.