जुन्या पिकअपचा डिझेल पंप: आपलाच खोलायचा, भंगारातला आणायचा की तयार बदली घ्यायचा?

फेब्रुवारीत मृग बहाराची मोसंबी निघायला लागली की अंबड-घनसावंगीकडच्या पिकअपला दम खायला वेळ नसतो. नेमकी त्याच वेळी माझ्या चुलतभावाची गाडी सोलापूरला माल नेताना मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर आली. मागे काळा लोट, आणि वर चहाला थांबल्यावर गाडी पुन्हा उचलेना. मिस्त्री म्हणाला, पंप गेला, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप. आता त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. या तिन्हींतून मी गेलोय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. काळा धूर दिसला की आपण पंपाला दोष देतो, पण झिजलेला पंप बहुतेक वेळा डिझेल कमी देतो, जास्त नाही. त्याची लक्षणं म्हणजे चढावर ताकद कमी पडणं, सकाळी सेल्फ जास्त खाणं आणि गरम गाडी पुन्हा सुरू न होणं. काळा धूर बऱ्याचदा नोझलचा (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा), चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा हुकलेल्या टायमिंगचा, म्हणजे डिझेल फवारायच्या वेळेचा, असतो. म्हणून आधी डिझेल फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, हवा ओढणारे पाइपचे जोड आणि नोझल तपासा. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या पुढे उघडतं आणि धुक्यासारखा फवारा मारतं. थेंब गळत असेल किंवा एका बाजूला धार जात असेल तर पंप कितीही चांगला असला तरी धूर येणारच. मात्र चालू इंजिनाच्या फवाऱ्यापुढे हात कधीच धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं आणि बोट कापायची वेळ येते.

पंपाची परीक्षा घरीही होते. गरम गाडी बंद करा, पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारा. उचलत नसेल तर पंपावर ओलं फडकं टाकून पंप गार होऊ द्या. मग चटकन सुरू झाली तर दोष जवळजवळ पंपातच आहे. प्लंजर म्हणजे पंपात डिझेलला दाब देणारा दट्ट्या. तो आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. फट वाढली की गरम, पातळ झालेलं डिझेल दाब धरायच्या आधीच निसटतं. गार झालं की थोडं घट्ट होतं आणि तेवढ्यापुरतं काम भागतं. ऑइलची काडीही काढून बघा. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर पंप आतून इंजिनात गळत असू शकतो, आणि तसं असेल तर बेअरिंग जायच्या आधी गाडी उभी करा.

भावाच्या गाडीत दोन्ही निघालं. धूर नोझलचा होता आणि गरम गाडी न उचलणं पंपाचं.

यापुढचा सगळा हिशेब पंप कोणता आहे यावर ठरतो. बॉनेट उघडा. चार पाइप एका ओळीत वर निघत असतील तर तो इनलाइन. गोल डोक्यातून निघत असतील तर रोटरी. इनलाइनमध्ये प्रत्येक सिलेंडरचं वेगळं एलिमेंट, म्हणजे प्लंजर-नळीची जोडी, असतं आणि खालचा कॅम ऑइलमध्ये फिरतो. रोटरीत चारही सिलेंडरला एकच हेड-रोटर डिझेल वाटतो, आणि त्याच्या आतल्या भागांना वंगण म्हणून डिझेलच असतं. रॉकेलची भेसळ, कॅनमध्ये आणलेलं पाणीमिश्रित डिझेल, गंजकी टाकी हे सगळं म्हणूनच रोटरीला आधी मारतं.

आपला इनलाइन पंप असेल आणि बॉडी शाबूत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आपलाच खोलून काम करून घ्या. चार एलिमेंट, चार डिलिव्हरी व्हॉल्व्ह, बेअरिंग, सील, गरज पडली तर गव्हर्नरचे (इंजिनाच्या फेऱ्या आवरणाऱ्या भागाचे) बुश. सुटे भाग मिळतात आणि एकेक बदलता येतो. मात्र एलिमेंट चारही एकदम बदला. एकच नवं टाकलं तर चार सिलेंडरला डिझेल सारखं बसवणं अवघड जातं आणि इंजिन थरथरतं. जुन्या पाटीवर मायको आणि नव्या डब्यावर बॉश दिसलं तर गोंधळू नका. मायको म्हणजे १९५१ साली बंगळुरात सुरू झालेली मोटार इंडस्ट्रीज कंपनी, तिचंच नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. नकली डब्यांपासून मात्र सांभाळा, एलिमेंटच्या बाबतीत विशेष.

या वाटेची खरी किंमत वेळ आहे. दोन-तीन दिवस गाडी उभी राहते, आणि हंगामात एक दिवसही डोळ्यांत येतो. शिवाय काम टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच झालं पाहिजे. बेंचवर ठरावीक फेऱ्यांना प्रत्येक पाइपातून किती डिझेल पडतं ते मोजून कॅलिब्रेशन करतात. कानाने लावतो म्हणणाऱ्याकडे पंप देऊ नका. जुनं रबर ह्या नव्या डिझेलला टिकत नाही, हेही सांगा. जुन्या बीएस-३ प्रदूषण नियमांच्या डिझेलात गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) चालायचं, एप्रिल २०२० पासून देशभर १० आहे. डिझेलची घडण बदलली की जुने सील आकसून पाझरतात, म्हणून व्हिटॉनचे, म्हणजे डिझेलला टिकणाऱ्या खास रबराचे, सील मागा.

भंगारातला पंप सगळ्यांत स्वस्त दिसतो. मी एकदा घेतला. बाहेरून चकचकीत, शाफ्ट हाताने छान फिरत होता. गाडीवर बसवला तर रिकामी गाडीसुद्धा मोठ्या रस्त्यावर एका वेगापुढे जाईना. तो मुळात दुसऱ्या कामाच्या इंजिनाचा होता, गव्हर्नरच कमी फेऱ्यांना लावलेला. ट्रॅक्टर, जनरेटर आणि पिकअप यांचे पंप बाहेरून भावंडांसारखे दिसतात, आत हिशेब वेगळा असतो. पाटीवरचा पूर्ण नंबर आणि फिरण्याची दिशा जुळली नाही तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. नंबर जुळला तरी डिझेलच्या स्क्रूवरचं शिशाचं सील शाबूत आहे का बघा आणि इनलेटचा बोल्ट काढून आत गंज आहे का तेही बघा. तरीही बेंचवर न्यावाच लागतो. म्हणजे पंपाचे पैसे, बेंचचे पैसे, आणि आत एलिमेंट झिजलेले निघाले तर त्यांचेही. माझं काम शेवटी आपलाच जुना पंप खोलून झालं, दुप्पट खर्चाने. भंगाराचा उपयोग मला एकाच वेळी पटतो: आपल्या पंपाची बॉडी फुटलीय आणि तीच हवीय.

तिसरी वाट म्हणजे रिकंडिशन केलेला तयार पंप, जुना देऊन घ्यायचा. त्याच दिवशी गाडी रस्त्यावर येते, एवढीच त्याची बाजू, पण हंगामात ती मोठी. धोका हा की आत काय जुनं ठेवलंय ते दिसत नाही. म्हणून बेंचच्या आकड्यांचा कागद आणि लेखी वॉरंटी मिळाल्याशिवाय आपला जुना पंप हातचा सोडू नका.

रोटरीत निवड हेड-रोटरवर येऊन ठेपते. तो पंपातला सगळ्यांत महाग भाग. नुसते सील गळत असतील तर आपलाच पंप करा, खर्च थोडका आहे. हेड-रोटरवर नखाला लागणारे ओरखडे असतील, सोबत प्लंजर ढकलणारी कॅम प्लेटही खाल्लेली असेल, तर सगळ्या भागांची यादी करून तयार पंपाच्या भावाशी ताडा. बेरीज त्या भावाच्या पाऊणपटीच्या पुढे गेली की मी बदली घेतो.

पंप कोणताही येवो, दोन गोष्टींवर अडून बसा. काढायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर मिळून एक रेघ मारा, म्हणजे टायमिंग परत त्याच जागी येतं. आणि ‘जरा डिझेल वाढवून द्या’ असं मिस्त्रीला सांगू नका. चार दिवस गाडीची ओढ चांगली वाटते, मग धूर आणि तापलेलं इंजिन. वर फिटनेसला आणि पीयूसीला अडकता ते वेगळंच. जुन्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिजची (धुराचा गडदपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे, आणि वाढवलेल्या डिझेलवर ती सहज ओलांडली जाते. इनलाइन पंपात स्वतःचं ऑइल भरावं लागणारा प्रकार असेल तर ते सुरू करायच्या आधी भरलंय ना, हेही स्वतः बघा.

भावाचा पंप रोटरी. खोलल्यावर हेड-रोटरवर ओरखडे निघाले, कॅम प्लेटही गेलेली. माल तोडायला तीन आठवडे असते तर आम्ही थांबून भाग मागवले असते. तोड सुरू झालीय, म्हणून बेंचवाल्याकडूनच आकड्यांच्या कागदासह बदली पंप ठरवलाय, नोझल चारही नव्या. शनिवारी बसवायचा. त्याआधी उद्या टाकी उतरवून आतून धुवायची आहे, कारण फिल्टरच्या वाटीत जो तांबडा गाळ निघाला तो टाकीतलाच आहे, आणि त्याच टाकीवर नवा पंप जोडला तर पुढच्या मृगापर्यंतही टिकणार नाही.