क्लोबेटासॉल मलम: सात महिन्यांनंतर

पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. खालच्या जागी अशी खाज सुटायची की रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचे. मी तो नायटाच समजून चालले होते. मेडिकलवाला द्यायचा ते क्रीम लावायचं. त्या एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइड असं सगळंच. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी हातात आरसाच दिला. कातडी पांढरी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी, पुढून मागे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडीचा एक जुनाट आजार. संसर्ग नाही, कुणाकडून लागत नाही. (दोन वर्षं मनातल्या मनात नवऱ्यावर संशय घेतला, तो त्यांना अजून माहीत नाही.)

औषध: क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, एक जोरदार स्टेरॉइड मलम. पहिला महिना रोज रात्री, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढंच, तेही फक्त पांढऱ्या भागावर. तीन महिन्यांत मिळून ३० ग्रॅम पुरलं. खोक्यातल्या कागदावर मात्र 'गुप्तांगावर लावू नये' असं छापलेलं! घाबरून आठ दिवस ट्यूब कपाटात ठेवली. बाई म्हणाल्या, "अहो, या आजारात पहिलं औषध हेच. न लावल्यानं जास्त नुकसान होईल."

तिसऱ्या आठवड्यात सलग झोप लागली. चिरा भरल्या, लघवीची आग थांबली. पांढरेपणा थोडाच कमी झाला. आक्रसलेला भाग काही पूर्ववत झाला नाही, तो होतही नाही म्हणे.

चौथ्या महिन्यात शहाणपणा केला, बंद केलं. दीड महिन्यात खाज हजर. आता बुधवार-रविवार कॅलेंडरवर खूण करून लावते. तिथे साबण बंद, नुसतं पाणी आणि वरून पेट्रोलियम जेली. थायरॉइडही तपासायला सांगितलं होतं, या आजारासोबत तो बिघडलेला सापडू शकतो. माझा ठीक निघाला. कॅन्सरचा धोका थोडा असतो, त्यामुळे दरवर्षी दाखवायचं, आणि गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच.

तक्रार एकच. ऑइंटमेंट (तेलकट मलम) मागितलं तरी दुकानात क्रीम हातावर ठेवतात, आणि ते मला झोंबतं. कधी त्याच नावाचं, पण आत आणखी दोन औषधं घातलेलं. गेल्या महिन्यात चष्मा विसरले होते, तर तेच घरी घेऊन आले.