कोंबड्याची बाटली घ्यावी की ड्रॅगनची?

अमेरिकेतील मराठी घरांत ठेच्याच्या बरणीशेजारी हिरव्या झाकणाची, कोंबड्याचे चित्र असलेली श्रीराचा या तिखट मिरची सॉसची बाटली असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र 'हुय फाँग फूड्स'चा हा सॉस वर्षानुवर्षे नेमाने घेणाऱ्यांना सध्या ठरवावे लागत आहे, की आपले इमान त्या बाटलीशी आहे की पूर्वी तिच्यात जी मिरची असे तिच्याशी.

व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रॅन यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे ही कंपनी काढली आणि ज्या जहाजातून त्यांनी देश सोडला त्याचेच नाव तिला दिले. १९८८ पासून सॉससाठी लागणारी, झाडावरच लाल होऊ दिलेली हालपेन्यो मिरची कॅलिफोर्नियातील 'अंडरवूड रँचेस' हे शेत पुरवू लागले आणि कारखान्याचा व शेताचा विस्तार जवळजवळ तीन दशके जोडीने होत गेला. २०१६ मध्ये दोघांचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये ज्यूरीने शेतकऱ्याच्या बाजूने सुमारे २ कोटी ३३ लाख डॉलरचा कौल दिला. त्यानंतर कारखाना इतर ठिकाणच्या मिरचीवर अवलंबून राहिला. २०२२ मध्ये मिरचीच्या टंचाईमुळे त्याला उत्पादन थांबवावे लागले, आणि मे २०२४ मध्ये आलेली मिरची फार हिरवी असल्यामुळे ते पुन्हा काही काळ थांबले. टंचाईच्या दिवसांत एकेका बाटलीसाठी लोकांनी कित्येक पट पैसे मोजले, याला निष्ठा म्हणावे की हट्ट, हा प्रश्नच आहे.

दरम्यान अंडरवूडने आपल्याच मिरचीचा 'ड्रॅगन' श्रीराचा बाजारात आणला. मिरची, साखर, मीठ, लसूण आणि व्हिनेगर हा दोन्ही सॉसचा पाया आहे, त्यामुळे निवड पाककृतीपेक्षा मिरचीवर येऊन ठेपते. पूर्वीच्या चवीच्या ओढीने कोंबड्याची बाटली घेणाऱ्याने निदान एकदा ड्रॅगन घेऊन पाहावा, कारण त्या चवीमागची शेती आता तिकडे आहे. ज्याला ओळखीची बाटली सहज मिळावी एवढेच हवे आहे आणि एका खेपेहून दुसऱ्या खेपेचा रंग थोडा वेगळा निघाल्याने ज्याचे बिघडत नाही, त्याने कोंबडा सोडण्याचे कारण नाही. शिवाय नूडल्समध्ये किंवा मेयोनीजमध्ये कालवल्यावर हा फरक फारसा जाणवतही नाही.

थायलंडमधील मूळ प्रकार मात्र या दोघांच्या रांगेत बसत नाही. सी राचा या किनाऱ्यावरील गावाच्या नावावरून (हे नाव आपल्या 'श्री' आणि 'राजा' या शब्दांचेच थाई रूप आहे) ओळखला जाणारा तो सॉस अधिक पातळ व गोडसर असतो आणि मासळीबरोबर किंवा आमलेटवर छान लागतो. पण जाडसर, लसणीचा झणका असलेल्या अमेरिकी सॉसची सवय झालेल्याला तो पर्याय म्हणून पटण्याची शक्यता कमी आहे.

माझा कल ड्रॅगनकडे आहे. तरीही खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही सॉस बिनखुणेच्या दोन वाट्यांत काढावेत, उकडलेल्या अंड्याबरोबर घरातल्यांना चाखायला द्यावेत आणि चित्रे नंतर दाखवावीत.