वायफाय लागतं, साइट उघडत नाही: डीएनएस लॅपटॉपात बदलावं की राऊटरमध्ये?

राऊटर बंद करून चालू केला की चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. वायफाय जोडलेलं दिसतं, सिग्नल पूर्ण असतो, पण एकही साइट उघडत नाही. इथवर आलेल्या माणसाला कुणी ना कुणी 'डीएनएस बदला' असं सांगतंच (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सेवा), आणि सल्ला बहुतेक वेळा बरोबरही असतो. ते बदलायचं कुठे, हे मात्र सांगायचं राहून जातं. मी दोन्हीकडे बदलून पाहिलंय. परभणीत मोंढ्यातल्या आडत दुकानांची आणि दोन-तीन जिनिंगची जीएसटीची कामं करतो, त्यामुळे महिन्याच्या २० तारखेला नेट नसलं तर माझं सगळंच अडतं. लॅपटॉपात आठ महिने आणि राऊटरमध्ये सव्वा वर्ष, एवढ्या वापरावरून हे लिहितोय.

आधी दुखणं डीएनएसचंच आहे ना, हे बघून घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा पत्ता) पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो आकडा टाका; तिकडून उत्तर येतं का ते कळतं. चार उत्तरं आली आणि गूगल डॉट कॉमला पिंग केल्यावर मात्र होस्ट सापडत नाही असं आलं, तर रस्ता ठीक आहे, फक्त पत्ता सांगणारा जागेवर नाही. ८.८.८.८ कडूनच उत्तर येत नसेल तर केबलवाल्याला फोन लावा, डीएनएस बदलून काही होणार नाही. लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने त्याला पत्ताच दिलेला नाही, तोही वेगळा आजार. आणि जुन्या लॅपटॉपचा सेल उतरून तारीख मागे गेली असेल तर साइट सर्टिफिकेटची तक्रार करतात. तिथे तारीख दुरुस्त केली की काम होतं.

मोबाइलच्या बाबतीत सावध राहा, कारण त्याने मला तीन आठवडे चुकीच्या वाटेला लावलं. 'मोबाइलवर सगळं चालतंय, म्हणजे दोष लॅपटॉपचा' असं मी धरून चाललो होतो. वायफायवर नेट येत नाही असं दिसलं की बरेच अँड्रॉइड फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात, वर वायफायची खूण तशीच राहते. एके दिवशी बायकोच्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघितलं, तर तिचंही यूट्यूब थांबलं. तोवर मी लॅपटॉपवर विंडोजचं नेटवर्क रिसेट करून बसलो होतो. त्याने दोष तर गेला नाहीच, उलट वीसेक दुकानांचे साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले गेले. तो उपाय अगदी शेवटी ठेवावा, असं माझं मत झालंय.

आमच्याकडचं खरं कारण राऊटरमध्येच होतं. बहुतेक घरगुती राऊटर प्रत्येक उपकरणाला सांगतात की नावं मला विचारा, १९२.१६८.१.१ ला, मी पुढे विचारून सांगतो. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत लाईट तासाभरात तीनदा जाते-येते. अशा झटक्यानंतर राऊटर चालू व्हायचा, पत्ते वाटायचा, पण नावं विचारून आणायचं काम तेवढं अडकून बसायचं. मी काही यंत्र लावून मोजलेलं नाही, पण लाईट गेल्यावरच हे व्हायचं, एवढं पक्कं ध्यानात आलं.

लॅपटॉपात बदलण्याचा रस्ता सोपा आहे, यात वाद नाही. विंडोजमध्ये वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकायचं, दोन मिनिटांचं काम. राऊटरचा पासवर्ड लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, चुकलं तर एकाच मशीनचं चुकतं. पहिला आकडा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. दुसरा गूगलचा, २००९ पासूनचा. वेगात दोघांत मला तरी फरक जाणवला नाही. हे टाकल्यापासून आठ महिने घरात लॅपटॉप एकदाही अडला नाही. बायकोचा फोन आणि टीव्ही मात्र अडतच राहिले आणि राऊटर बंद-चालू करायचा नेम काही सुटला नाही. तरी माझं काम चालत होतं, म्हणून मी पुढे काही केलं नाही.

मग अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. छत्रपती संभाजीनगरला दवाखान्याजवळच्या एका लॉजवर तळमजल्याची खोली घेतली. तारीख २०, एका आडतवाल्याचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं राहिलेलं. खोलीत मोबाइलला रेंज नाही, आणि डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला सोडून जिन्यात लॅपटॉप घेऊन बसणं जमेना. लॉजच्या वायफायला फोन जोडला, खोली नंबर टाकायचं पान आलं, चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला, चालू झालं. लॅपटॉप जोडला तर ते पानच येईना. वायफाय लागलेलं, सिग्नल पूर्ण, साइट एकही नाही. घरी आठ महिन्यांपूर्वी घालवलेलं दुखणं जसंच्या तसं समोर. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, बाकीच्या खोल्यांत चालतंय." आणि ते खरं होतं.

दीड तास मी ब्राउझर बदलले, लॅपटॉप परत चालू केला, वायफाय विसरून पुन्हा जोडलं. अण्णा पडल्या पडल्या दोनदा विचारून गेले, "झालं का रे?" शेवटी पुण्यातल्या भाच्याला व्हॉट्सॲपवरून फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, तुम्ही घरी डीएनएस हातानं टाकलं होतं का त्याच्यात?" टाकलं होतं आणि मी साफ विसरलो होतो. ते काढून पुन्हा 'आपोआप'वर केलं, वायफाय तोडून जोडलं आणि खोली नंबरचं पान समोर उभं राहिलं. परभणीत ओटीपीसाठी जागं बसवलेल्या आडतवाल्याने आकडे वाचून दाखवले आणि पावणेबाराला रिटर्न गेलं.

याचं कारण साधं आहे. लॉज, हॉस्टेल, स्टेशन अशा लॉगिनच्या वायफायवर बरेचदा लॉगिन होईपर्यंत बाहेरच्या डीएनएसला वाटच नसते. त्यांचं स्वतःचं डीएनएस तुम्हाला त्या पानावर नेऊन सोडतं. माझा लॅपटॉप त्याला विचारतच नव्हता, थेट ८.८.८.८ ला हाका मारत होता आणि त्या बाहेर जात नव्हत्या. घरी केलेला उपाय परगावी नेमकं तेच दुखणं होऊन उभा राहतो, आणि तोही आपण विसरलेला असताना. माझा निर्णय तरी त्या रात्रीच झाला.

परत आल्यावर राऊटरमध्ये बदललं. हे काम लॅपटॉपइतकं सोपं नाही. राऊटरच्या बुडाशी स्टिकरवर लॉगिन असतं, पण आमच्याकडे केबलवाल्याने ते बदललेलं होतं आणि तो पासवर्ड द्यायला तयार नव्हता. त्याचा पोरगा घरी आला, मोबाइलवरूनच राऊटर उघडून डीएचसीपीच्या (राऊटर उपकरणांना पत्ते वाटतो त्या सेटिंगच्या) पानावर दोन्ही आकडे टाकून गेला. पाच मिनिटं लागली, यायला मात्र चार दिवस. आकडे डीएचसीपीच्या पानावरच टाकायला सांगा. दुसरीकडे, इंटरनेटच्या जोडणीच्या पानावर टाकले तर उपकरणं राऊटरलाच विचारत राहतात आणि अडकणारा भाग मधेच राहतो. काही राऊटर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वरून आपलाच पत्ता डीएनएस म्हणून देत राहतात, तेही त्याच वेळी बघून घ्यावं. दिवाळीनंतर राऊटरचा डबा बदलला तेव्हा सगळं पुसलं गेलं आणि पुन्हा बोलवावं लागलं. आता त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय. ही कटकट आहे, नाही म्हणणार नाही. पण ती घरात बसून, दिवसाढवळ्या करायची आहे. फोन, टीव्ही, पाहुण्यांचे मोबाइल सगळ्यांचं एकदमच होतं, आणि लॅपटॉप जाईल तिथलं पाणी पितो.

तुम्ही भाड्याच्या खोलीत असाल, राऊटर घरमालकाचा असेल, तर लॅपटॉपातच बदलणं आलं. विंडोज ११ असेल तर त्यात एक चांगली सोय आहे: वायफायच्या सेटिंगमध्ये त्या एका नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस टाकता येतं, मग ते घरच्या वायफायपुरतंच राहतं आणि लॉजवर आडवं येत नाही. हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये टाकलं तर मात्र सगळ्या वायफायला लागू होतं, म्हणजे माझ्यासारखी गत. जो लॅपटॉप घराबाहेर कधी जातच नाही, त्याला कुठेही बदललं तरी फारसा फरक पडू नये. बाकीच्यांनी केबलवाल्याचे चार दिवस सोसावेत, असं मला वाटतं.

राऊटरमध्ये बदलल्यावर लॅपटॉपातले जुने आकडे काढायला विसरू नका, नाहीतर राऊटरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वायफाय एकदा तोडून जोडा आणि काळ्या खिडकीत एनएसलुकअप (nslookup) लिहून एंटर दाबा. ॲड्रेसच्या ओळीत १.१.१.१ दिसायला हवं. तिथे अजून १९२.१६८.१.१ किंवा एफई८० (fe80) ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल, तर केबलवाल्याचा पोरगा जिना उतरायच्या आधी त्याला परत बोलवा.